पाटा, शॉकअप आणि स्टेपनी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक भाचा जुन्नर तालुक्यात शेती करतो. टोमॅटो, कांदा, थोडाफार ऊस. दारात एक जुनी पिकअप आहे, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. नारायणगावच्या बाजारात भाव पडला की हा गडी गाडी भरतो आणि माळशेज घाट उतरून थेट वाशीचा बाजार गाठतो. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, गाडीचे शॉकअप गेलेत. चाकंबी बदलायची म्हणतो. दुकानात गेलो तर त्यांनी वीस प्रकार दाखवले. तुम्ही जन्मभर पोरांना हेच शिकवलं, आता तुम्हीच सांगा कुठलं घेऊ ते."

मी तीस वर्षे मोटार दुरुस्तीचा वर्ग घेतला, हे खरे. शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, त्यात तेल असते, दट्ट्या असतो, हे फळ्यावर किती वेळा काढले असेल त्याची गणती नाही. पण भाच्याला उत्तर द्यायला बसलो आणि ध्यानात आले की 'अमुक घे' असे म्हणून भागणार नाही. पाटा, हवेचा टायर, शॉकअप आणि खोलून बदलता येणारे चाक ही मंडळी आज एका गाडीखाली एकत्र नांदतात, पण ती वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गावांहून आली आहेत. प्रत्येकाला एकेकच काम येते. आणि एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले की काय होते, याचा अनुभव भाच्याने आदल्या मोसमात घेतलेला होता.

झाले होते असे. गाडी भरली की मागून बसायची. एका गॅरेजमध्ये त्याला सल्ला मिळाला, की मागे चांगले कडक शॉकअप घाल आणि चारही चाके रुंद रिमची, मोठ्या टायरची कर, म्हणजे गाडी उभी राहील. याने सोसायटीच्या कर्जातले पैसे त्यात घातले. गाडी दिसायला मोठी झोकदार झाली. गावातली पोरे फोटो काढायला येऊ लागली. पण भरली की ती पूर्वीइतकीच बसत होती आणि रिकामी परत येताना मात्र प्रत्येक खड्ड्यात मागून बोकडासारखी उडी मारत होती. खालच्या थरातल्या कॅरेटमधल्या टोमॅटोचा वाशीला पोचेपर्यंत रस व्हायचा. शेवटी माळशेज उतरताना पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग तापून गेले. साठ कॅरेट, म्हणजे बाराशे किलो माल, रात्रभर घाटात कडेला उभा. नशीब, कोणाला इजा झाली नाही. सकाळी दुसऱ्या गाडीत माल भरून वाशीला नेला तेव्हा बाजार उठत आला होता. हाती आले त्यातून दुसऱ्या गाडीचे भाडे कसेबसे सुटले.

गॅरेजवाला लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याची चूक जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या कारखान्यांनीही ती केली होती.

आधी बैलगाडीकडे बघू, कारण तिच्यात या चौघांपैकी एकही नव्हता. १९७४ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे काही ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि तो हाकणारा माणूस उभा आहे. रथाची चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे हे काम असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काळाबद्दल त्यांच्यात वाद आहेत, ते असोत. मला त्या रथात दिसते ते एवढेच, की चाक, आस आणि वर माणूस. मध्ये लवचीक असे काही नाही. जमिनीचा प्रत्येक खडा थेट त्या माणसाच्या टाचेला कळत असणार.

आपली गावची बैलगाडी त्याहून पुष्कळ सुधारलेली. बाभळीचे लाकूड, मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. धाव चढवणे हा एक सोहळाच असायचा. लोहार ती गोवऱ्यांच्या आरात लाल करायचा, दोघे-तिघे सांडशीने धरून चाकावर बसवायचे आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आक्रसले की सगळे लाकूड आवळून एकजीव व्हायचे. पण धक्का खाणारे त्या गाडीत तेव्हाही काही नव्हते. वेग ताशी तीन-चार किलोमीटर, त्यामुळे चालून जायचे. धक्का वेगाबरोबर वाढतो, आणि बैलाला घाई नसते.

मात्र त्या अरुंद धावेने रस्त्यांचे हाल केले. खडीच्या रस्त्यात तिने दोन खोल चर पाडले. 'चाकोरी' हा शब्द आपल्याला तिथूनच मिळाला. पुढे मोटारी आल्या, त्यांच्या हवेच्या टायरांनी त्या खडीतली माती उडवून नेली आणि रस्ता दोघांच्या भांडणात सापडला. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो पैसा रस्त्यांसाठी वापरावा, ही या समितीची शिफारस, आणि १९२९ पासून तसा मध्यवर्ती निधी सुरू झाला. शॉकअपच्या गोष्टीत हे कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण शॉकअप किती वर्षे टिकणार हे निम्मे रस्ता ठरवतो, आणि ते कंपनीच्या खोक्यावर छापलेले नसते.

आता पाटा. युरोपात घोडागाडीचा वेग वाढला तशी हाडे खिळखिळी होऊ लागली. सुरुवातीला गाडीचा डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत असत, म्हणजे एक प्रकारचा झोपाळाच. १८०४ मध्ये लंडनच्या ओबडाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याने पोलादी पट्ट्या एकावर एक रचून, त्यांच्या दोन कमानी समोरासमोर जोडून लंबगोल स्प्रिंग केली आणि ती आसावर बसवली. आपल्याकडच्या टांग्याखाली आणि मुंबईच्या व्हिक्टोरियाखाली दिसायच्या त्या कमानी याच घराण्यातल्या. भाच्याच्या पिकअपखाली मागे जे पाटे आहेत तेही त्यांचेच वंशज.

पाट्याचे काम ओझे पेलणे. जास्त ओझे हवे तर पट्टी वाढवा किंवा जाड करा. पण पाट्यात एक खोड आहे. तो दाबला की शक्ती साठवतो आणि सोडला की ती सगळी परत देतो. खड्डा एक, पण हेलकावे पाच. पट्ट्या एकमेकींवर घासतात त्यामुळे थोडा लगाम बसतो, हे खरे. पण ते घासणे कुणाच्या हातात नाही. वंगण असले तर कमी, गंज चढला तर इतके जास्त की पाटा लवायचाच थांबतो. टांग्याला हे खपून गेले, मोटारीला खपणार नव्हते.

त्याआधी हवेच्या टायरबद्दल दोन शब्द, कारण धक्का खाणारा पहिला गडी तोच. रॉबर्ट थॉमसन या तरुण स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ती चाके लावून लोकांना दाखवली. पण रबर महाग, कामही किचकट, त्यामुळे जग ते विसरून गेले. त्रेचाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती नव्याने शोधली. त्यालाही पेटंट मिळाले, आणि दोन वर्षांत थॉमसनचा जुना कागद निघाल्यावर ते रद्दही झाले. नाव मात्र डनलॉपचेच राहिले. साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या टायरगाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. धावेच्या गाडीपेक्षा त्या बैलांना हलक्या पडतात आणि ऊस जास्त नेतात, ते याच हवेच्या जोरावर.

टायर खडे, भेगा, बारीक खड्डे आपल्या पोटात घेतो. ओझे मात्र रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हे वाक्य मी वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहायचो आणि मुले दर वर्षी विसरायची.

आता वळू या शॉकअपकडे. विसाव्या शतकाच्या तोंडावर मोटार ताशी पन्नास-साठ किलोमीटरने धावू लागली आणि पाट्याची ती खोड जिवावर बेतू लागली. उसळीत चाक जमिनीवरून उचलले गेले की ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग चालते. त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने यावर एक साधा उपाय काढला. दोन दांडे, एक गाडीच्या चौकटीला आणि एक आसाला जोडलेला. ते जिथे भेटतात तिथे चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या. पाटा हलला की चकत्या घासतात आणि उसळी मरते. मधला बोल्ट आवळा, कडक झाले. ढिला करा, नरम झाले. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकनाने ते हक्क घेऊन अमेरिकेत उत्पादन सुरू केले, म्हणून त्याला त्रुफो-हार्टफर्ड म्हणतात. म्हणजे 'कडक करायचे की नरम' हा भाच्याचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकेतच क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरने दुसरी तऱ्हा काढली. हा गृहस्थ मुळात वाजंत्री. त्याने मोटारीच्या धुराच्या जोरावर वाजणारा भोंगा केला आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचे, गेब्रियलचे, नाव त्याला दिले. पुढे त्याच नावाने त्याने एक पट्टा विकायला काढला. पाटा दबताना तो पट्टा मोकळा राहायचा, पाटा उसळताना मात्र आवळून धरायचा. यात एक शहाणपण होते. धक्का वर येऊ द्या, पण परतीची उसळी पकडा. आजच्या शॉकअपलाही बहुधा दबताना कमी आणि ताणताना जास्त जोर लागतो. त्या गेब्रियलचे नाव घेतलेली कंपनी आपल्याकडे १९६१ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईच्या मुलुंडला तिचा कारखाना निघाला. आपल्या गॅरेजांतून कित्येक वर्षे शॉकअप मागताना लोक कंपनीचेच नाव घेत आले.

चकत्या काय किंवा पट्टा काय, शेवटी कोरडे घर्षण. पाऊस पडला की बदलले, धूळ गेली की बदलले. मोरीस हूदाय या फ्रेंच संशोधकाने त्याऐवजी द्रव वापरला. बंद डबीत द्रव, त्यात फिरणारा पंखा, आणि द्रवाला एकीकडून दुसरीकडे जायला अगदी बारीक वाट. हळू ढकलले तर तो मुकाट्याने जातो, जोरात ढकलले तर अडून बसतो. म्हणजे बारीक हालचालीला मऊ आणि मोठ्या धक्क्याला कडक, तेही कुणी बोल्ट न आवळता. पुढे डबीच्या जागी नळी आणि पंख्याच्या जागी दट्ट्या आला आणि आज आपण पाहतो तो लांबट शॉकअप तयार झाला. गंमत बघा, टायरमध्ये हवा भरायचे पंप बनवणाऱ्या अमेरिकेतल्या मन्रो कंपनीने १९२६ मध्ये शॉक ॲब्सॉर्बर काढला. नळी आणि दट्ट्या त्यांच्या ओळखीचेच होते.

उसळीची शक्ती जाते कुठे? तेलाच्या उष्णतेत. खराब रस्त्यावरून अर्धा तास आल्यावर चारही शॉकअपच्या जवळ जपून हात न्या. जो थंड लागेल तो मेलेला. फार जोरात आणि फार वेळ हलला तर तेलात फेस येतो आणि शॉकअप पोकळ पडतो. यावर फ्रान्सच्या बुर्सिए द कार्बों यांनी १९५३ मध्ये दाबाखाली वायू भरलेला एकनळी शॉकअप आणला. दुकानदार 'गॅसवाला घ्या' म्हणतो तो याच कुळातला. गॅस गाडी उचलून धरण्यासाठी नसतो, तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. आमच्या गॅरेजवाल्याचा घोटाळा इथेच झाला होता. शॉकअप ओझे पेलत नाही. पाटा बसला तर पाटा बघावा, शॉकअप कडक करून तो उठत नाही.

असो. आता पिकअपचा जन्म. अमेरिकेतले शेतकरी फोर्डची 'मॉडेल टी' घ्यायचे, मागची बाजू कापायचे आणि तिथे लाकडी पेटी ठोकायचे. फोर्डने हे बरीच वर्षे पाहिले आणि १५ एप्रिल १९२५ रोजी स्वतःच पेटी बसवलेली गाडी बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. मोटार तीच, पेटी पोलादी, मागचे फळकूट उघडणारे, आणि मागचा पाटा जादा मजबूत. शॉकअप नाहीत. मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे होते, आणि बाकी सगळे चालवणाऱ्याच्या नशिबावर. दोन-अडीच वर्षांनी 'मॉडेल ए' आली तेव्हा तिला मात्र चारही चाकांवर हूदायचे शॉकअप कारखान्यातूनच आले, आणि त्यांत ग्लिसरीन भरत असत.

'मागचा पाटा जादा मजबूत' या शब्दांतच पिकअपचे सगळे दुखणे आहे. बसायच्या मोटारीत ओझे साधारण एकसारखे असते, एक माणूस नाहीतर पाच. पिकअप मात्र जाताना बाराशे किलो नेते आणि येताना ड्रायव्हर, रिकामी कॅरेट आणि एखादे खताचे पोते. पाटा भरल्या गाडीसाठी करावा तर रिकामी उडते, रिकाम्यासाठी करावा तर भरलेली टेकते. आखूडशिंगी आणि बहुदुधी अशी गाय कुणाला मिळाली आहे? कारखान्यांनी तोडगा काढला तो असा, की मुख्य पाट्याच्या जोडीला एखादा जादा पाटा असा ठेवायचा, की ओझे आले की तो टेकेल आणि कामाला लागेल, एरवी मोकळा. शॉकअपही मधल्या मापाचा ठेवला. म्हणून कारखान्याचा शॉकअप कुठल्याच टोकाला फार चांगला नसतो, हे खरे. पण त्या गाडीच्या दोन्ही तोंडांचा विचार करून कुणीतरी तो ठरवलेला असतो.

आपल्याकडे ही परंपरा जीपच्या वाटेने आली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे सरकारी नाव 'पाव टनी ट्रक' असे होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चारही कोपऱ्यांना पाटे, नळीचे शॉकअप आणि १६ इंची चाके. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत या जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली, आणि पुढे तिच्या नातेवाईक गाड्यांवर कित्येक तालुक्यांची वाहतूक चालली. पुण्याहून टेल्कोची 'टाटा मोबाईल' आली १९८८ मध्ये. २००५ मध्ये आला 'टाटा एस', म्हणजे आपला छोटा हत्ती, १२ इंची चाकांचा. लहान चाकामुळे पेटी खाली येते, माल चढवायला सोपे जाते. मात्र तेच चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा जास्त खोल उतरते. चाकाचा आकार अशा देण्याघेण्यातून ठरतो. फोटो काढायला येणाऱ्या पोरांचे मत त्यात कुणी विचारत नाही.

चाकाची गोष्ट सांगताना मला नेहमी स्टेपनी आठवते. सुरुवातीच्या मोटारींची चाके खोलून बदलण्यासाठी नसतच. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून, टायर चाकावरच उचकटून ट्यूब काढायची. वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये यावर तोड काढली. आरे नसलेली एक रिम, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूलाच ती चाप लावून आवळायची आणि घरी जायचे. त्यांचे दुकान होते स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून त्या वस्तूचे नाव स्टेपनी. इंग्लंडमध्ये आज हा शब्द फारसा कुणाला कळणार नाही. आपल्याकडे मात्र धुळ्यापासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा. माल्टा बेटावरही तो शब्द टिकून आहे म्हणतात.

स्टेपनी मागे पडली ती चाकच सुटे होऊ लागले तेव्हा. १९०८ च्या सुमारास इंग्लंडात जोसेफ सँकी यांच्या कारखान्याने पत्रा दाबून पोलादी चाक केले आणि लाकडी आऱ्यांचे दिवस भरले. तबकडी, तिच्या मध्यावर भोक, भोवती बोल्टची भोके. ती कुठल्याही मापाने पाडलेली नसतात. युद्धातल्या जीपच्या चाकाला पाच बोल्ट होते आणि ते साडेपाच इंची वर्तुळावर होते. नवे चाक घेताना बोल्ट किती, ते किती मापाच्या वर्तुळावर आणि मधले भोक हबवर नेमके बसते का, हे तीन प्रश्न त्यामुळेच विचारायचे. चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. तबकडी रिमच्या रुंदीत कुठे बसवली आहे? कारखान्याने ती अशी ठेवलेली असते की गाडीचा भार बेअरिंगच्या वर नेमका यावा. भाच्याची रुंद रिम या जागेत चुकली होती. चाक बाहेर सरकले, भार बेअरिंगच्या बाहेर लोंबला, त्यात घाट, त्यात बाराशे किलो. बेअरिंग बिचारे किती दिवस काढणार? मोठ्या टायरचा आणखी एक हिशोब असतो. एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, त्यामुळे स्पीडोमीटर कमी दाखवतो, चढाला इंजिन दमते आणि ब्रेकवरचा भार वाढतो.

टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे तर वाचायलाच हवेत. मापानंतर जो भाराचा आकडा असतो तो किलोचा नव्हे, खुणेचा. १०० लिहिले असेल तर एका टायरला ८०० किलो, ११२ असेल तर १,१२० किलो, तेही हवा पुरी असेल तर. मोटारीचा झोकदार टायर पिकअपला बसतो, दिसतोही छान, पण हा आकडा कमी पडला की भरल्या गाडीत त्याच्या बाजू दुमडत राहतात, आतून तापतात आणि टायर फुटतो. एकदा वर्गात मी फुटलेला टायर आणून मुलांना आतून दाखवला होता. भाजलेल्या पापडासारखा झाला होता.

दोन दिवसांनी मी जुन्नरला गेलो. भाच्याला म्हटले, "आधी गाडीखाली झोप." पाहतो तर डाव्या पाट्याची दुसरी पट्टी मधोमध तुटलेली. चिखलाखाली झाकली गेली होती म्हणून कुणाला दिसली नाही. गाडी मागून बसत होती ती त्यामुळे. ती नवी घातली, बुश आणि यू-बोल्ट बदलले. मग शॉकअप काढले. दोन्ही मागच्यांतून तेल गळत होते. कडक असूनही त्यांनी एक मोसमसुद्धा काढला नव्हता, कारण त्यांची लांबीच या गाडीची नव्हती. चाक पुरे वर आले की ते तळाशी आपटत होते. नवे घेताना आम्ही टेप घेऊन दुकानात गेलो. चाक पुरे लोंबकळले की किती लांब आणि पुरे दबले की किती आखूड, ही दोन मापे आधी गाडीवर घेतली होती. भाच्याला गॅसवाले हवे होते. मी आधी नको म्हणत होतो, पण त्याचा मुद्दा बरोबर निघाला. "मामा, घाट उतरून पुढं दीड तास खराब रस्ता असतो. तेलाला फेस येतो म्हणता ना तुम्ही?" मग कमी दाबाचे, कारखान्याच्या मापाचे गॅसवाले घेतले. जोडीने घेतले, एकेक नाही.

चाकांना मात्र मी ऐकले नाही. पोलादी रिम, मूळ मापाच्या, मूळ जागी तबकडी असलेल्या. टायर मालवाहू गाडीचे, आणि मागच्या आसावर भरल्या गाडीत किती किलो येतात ते वजनकाट्यावर मोजूनच घेतले. त्यासाठी साठ कॅरेट भरून गाडी काट्यावर नेली. आधी पुढची चाके, मग मागची. काट्यावरचा माणूस हसत होता, टोमॅटो विकायचे सोडून हे काय म्हणून. आकडा आला तसा भाचा जरा गप्प झाला. साठऐवजी पन्नास कॅरेट भरायची, असे त्याने तिथेच ठरवले. दहा कॅरेटचे नुकसान त्याने मला ऐकवले, मीही खाली रस झालेल्या कॅरेटचा हिशोब त्याला ऐकवला. जवळपास बरोबरी झाली.

जुन्या रुंद रिमा गावातल्या एकाने विकत मागितल्या. मी म्हटले, देऊ नकोस. त्यांतली एक आता त्याच्या गोठ्यात उलटी ठेवली आहे, बैलाच्या दाव्यासाठी. आणि स्टेपनीला बाकी चार चाकांसारखीच पाचवी रिम घेतली, टायरही त्याच मापाचा, हवा भरलेली. तो म्हणाला, "स्टेपनीला जुनं टायर चालतं की." माळशेजमध्ये रात्री दोन वाजता चालत नाही, एवढेच मी म्हणालो.